शीट, मेल, मेसेज आपोआप जोडताय? या चुका टाळा

दिवाळीला आठवडा उरला होता. सकाळी वहिनींचा फोन आला, "भावजी, काल चकलीची ऑर्डर दिलेल्या काकूंना मेलच आला नाही म्हणतायत." शीट उघडून पाहिली, तर त्यांच्या खालच्या अकरा जणांनाही मेल गेला नव्हता. लाल खूण कुठेच नाही, एररही नाही. चार दिवस बिनबोभाट चाललेलं काम तितकंच बिनबोभाट थांबलं होतं.

वहिनी घरून फराळाच्या ऑर्डर घेतात. फोनवर आलेली ऑर्डर त्या गुगल शीटमध्ये लिहितात. नवी ओळ भरली की गिऱ्हाइकाला पोच म्हणून मेल जातो आणि डबे भरणाऱ्या ताईंना मेसेज. कोडची एक ओळही न लिहिता मी हे जोडून दिलं होतं. बिघाड शोधायला दीड तास गेला. कारण एवढंच, की परवाचा आणि कालचा हिशेब वेगळा दिसावा म्हणून वहिनींनी मध्ये एक ओळ रिकामी सोडली होती.

माणसाला रिकामी ओळ म्हणजे मोकळी जागा वाटते. वेगवेगळी ॲप्स एकमेकांना जोडणारं झॅपियरसारखं साधन मात्र रिकामी ओळ आली की डेटा तिथेच संपला असं धरतं आणि पुढे बघतच नाही. शीट सॉर्ट करणं, मध्येच ओळ घुसवणं, जुनी ओळ उडवणं, 'मोबाईल' या रकान्याचं नाव बदलून 'मोबाईल नंबर' करणं, या सगळ्यांनी असाच घोटाळा होतो. "शीटला हात लावू नका" असं सांगून भागत नाही, कारण शीट रोजच्या वापराची असते. मी दोन टॅब केले. पहिल्यात फक्त खाली खाली नोंदी भरायच्या. दुसरा टॅब सूत्राने पहिल्यातलं सगळं उचलून दाखवतो, गावानुसार किंवा तारखेनुसार लावून. नुसतं चाळायचं असेल तर फिल्टर व्ह्यू पुरतो, त्याने मूळ ओळी हलत नाहीत.

दुसरी चूक खिशाला लागते. नवीन किंवा बदललेली ओळ दिसली की मेल पाठव, आणि मेल गेला की त्याच ओळीत 'पाठवलं' असं लिही. वाचायला अगदी बरोबर वाटतं. पण 'पाठवलं' लिहिणं हाही ओळीतला बदलच! जोडणी पुन्हा सुरू होते, पुन्हा मेल, पुन्हा नोंद. झॅपियरमध्ये महिन्याला ठरावीकच टास्क, म्हणजे साधनाने करायच्या कृती, मिळतात, ते अशा चक्रात भराभर उडतात आणि गिऱ्हाइकाला एकच मेल दहादा जातो. मेल पाठवण्याआधी एक फिल्टर टाका: 'पाठवलं' लिहायचा रकाना रिकामा असेल तरच पुढे जा. झॅपियरमध्ये फिल्टरची पायरी टास्कमध्ये धरली जात नाही, त्यामुळे ती टाकताना हात आखडू नका.

वेळेचा गोंधळ एनएटएन (n8n, झॅपियरसारखंच जोडणीचं साधन) स्वतःच्या सर्व्हरवर चालवणाऱ्यांना हमखास भेटतो. त्याचा टाइमझोन मुळात न्यूयॉर्कचा असतो. सकाळी ८ ची आठवण लावली की ती आपल्याकडे संध्याकाळी ५:३० ला येते. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं मागे गेली की तीच ६:३० ला येऊ लागते, आणि आपण काहीच न बदलता वेळ कशी बदलली या विचाराने डोकं फिरतं. सेटिंगमध्ये एशिया-कोलकाता निवडा. तारखांचंही तसंच. शीटचं लोकेल, म्हणजे तारखा-आकडे कोणत्या देशाच्या पद्धतीने वाचायचे ते सेटिंग, अमेरिकेचं राहिलं तर ३/११ म्हणजे ११ मार्च होतो आणि ३ नोव्हेंबरची ऑर्डर गायब होते. फाइल मेनूतल्या सेटिंगमध्ये लोकेल भारत करा, तेही पहिली नोंद भरण्याआधी. मोबाईलचा रकाना साध्या मजकुराच्या फॉरमॅटमध्ये ठेवा, नाहीतर पुढचं शून्य किंवा अधिकचं चिन्ह शीट गिळून टाकते.

जीमेलचा पासवर्ड बदलला की जोडणी तुटते, ती पुन्हा जोडावी लागते. एनएटएनमध्ये वेबहुकचे (बाहेरच्या ॲपने माहिती पाठवायच्या वेब-पत्त्याचे) चाचणीचा आणि प्रत्यक्ष वापराचा असे दोन पत्ते असतात. चाचणीचाच पत्ता दुसरीकडे चिकटवून ठेवला, तर स्क्रीनसमोर बसून चाचणी सुरू ठेवली असेल तेवढ्यापुरतंच सगळं चालतं. व्हॉट्सअ‍ॅपच्या बिझनेस एपीआयवरून (साधनांना आपोआप मेसेज पाठवता यावेत यासाठीची सोय), गिऱ्हाइकाच्या शेवटच्या मेसेजला २४ तास उलटून गेले असतील, तर आधी मंजूर करून घेतलेला टेम्पलेट, म्हणजे ठरलेल्या नमुन्याचा मेसेजच पाठवता येतो.

काही बिघडलं की लोक आधी सगळं पुसून नव्याने जोडायला घेतात. तसं करू नका, पुराव्यालाच हात लागतो. आधी रन हिस्टरी, म्हणजे जोडणी कधी कधी चालली याची साधनातली यादी, उघडा. त्या वेळेची नोंदच नसेल तर जोडणी सुरूच झालेली नाही, म्हणजे शीट किंवा ट्रिगर (जोडणी सुरू करणारी पहिली पायरी) तपासायचा. मोफत प्लॅनवर काही साधनं १५ मिनिटांनी एकदाच डोकावतात, तेवढी वाट पाहिलीय ना, हेही बघा. नोंद आहे पण लाल आहे, तर ज्या पायरीवर अडलं ती उघडा, बहुतेकदा परवानगी संपलेली किंवा पत्ता रिकामा सापडतो. नोंद हिरवी आहे आणि तरी मेलमध्ये नावाच्या जागी गाव आलंय, तर रकाने चुकीचे जोडले गेलेत. या तीन शक्यता वेगळ्या केल्या की शोध खूपच आटोपतो.

वहिनींच्या बाबतीत पहिली शक्यता खरी होती, आणि नेमक्या त्याच बिघाडाला एररचा मेल येत नाही. जे सुरूच झालं नाही, त्याची तक्रार कोण करणार? म्हणून आता रोज रात्री ९ वाजता त्यांना एक मेसेज जातो: आज शीटमध्ये किती नोंदी, आणि किती मेल गेले. आकडे जुळले की वहिनी निवांत झोपतात. धनत्रयोदशीच्या रात्री मेसेज आला, 'नोंदी २३, मेल २२'. एका गिऱ्हाइकाच्या मेलच्या पत्त्यात @ ही खूणच राहून गेली होती. वहिनींनी तिथल्या तिथे फोन लावला, ऑर्डर पक्की केली आणि पत्ता दुरुस्त करून घेतला.