पीपीएफ काढलंय ना, मग ५ तारीख पाठ करा

पीपीएफ (पब्लिक प्रॉव्हिडंट फंड, सरकारची १५ वर्षांची बचत योजना) आपल्याकडे घरोघरी असतं, पण बऱ्याच जणांना ते खातं आठवतं थेट मार्चमध्ये, टॅक्सची धावपळ सुरू झाली की. खूप जीव तुटतो हे बघून, कारण तेवढेच पैसे नुसते वेळेवर टाकले असते तर कितीतरी जास्त झाले असते.

आधी व्याज कसं मोजतात ते समजून घ्या. दर महिन्याच्या ५ तारखेनंतर महिनाअखेरपर्यंत खात्यात जी सगळ्यात कमी शिल्लक असेल तिच्यावर त्या महिन्याचं व्याज धरतात आणि वर्षाचं सगळं ३१ मार्चला एकदम जमा करतात. म्हणजे दीड लाख (वर्षाची मर्यादा तेवढीच आहे) ५ एप्रिलच्या आत टाकले तर ७.१ टक्क्यांनी त्या वर्षाचे १०,६५० रुपये मिळतात, ६ तारखेला टाकले तर एप्रिलचे ८८७ गेले, आणि मार्चच्या शेवटी टाकले तर त्या वर्षी त्या पैशावर काहीच नाही. असं १५ वर्षं केलं तर?

एकदम दीड लाख नाही जमत ना, हरकत नाही, महिन्याला १२,५०० ची किंवा जमेल तेवढ्याची ऑटो ट्रान्सफर १ तारखेला लावून टाका. पगार ७ ला होत असेल तर त्याच दिवशी टाकायची घाई नको, ७ ला टाका की पुढच्या १ ला, व्याज सारखंच, फक्त मार्चचे पैसे ३१ च्या आत गेले पाहिजेत.

आता मुदत. १५ वर्षं खातं उघडल्या तारखेपासून नाही, ते आर्थिक वर्ष संपल्यापासून मोजतात, म्हणजे जुलै २०२६ मध्ये उघडलेलं खातं १ एप्रिल २०४२ ला मॅच्युअर होणार. आणि इथेच माझ्या मावशीचं नुकसान झालं. खातं मॅच्युअर झालं तरी ती पैसे भरत राहिली, बँक घेत राहिली, आणि नंतर कळलं की त्या पैशांवर व्याजच लागलेलं नाही! पैसे भरत खातं पुढे चालवायचं असेल तर मॅच्युरिटीनंतर एका वर्षाच्या आत फॉर्म ४ भरावाच लागतो, मग ५-५ वर्षांनी वाढवता येतं. नुसतं ठेवून दिलं तर जुन्या शिल्लकीवर व्याज चालू राहतं पण नवीन पैसे टाकायचे नाहीत.

वाढवण्यात दम आहे हो. दर एप्रिलला दीड लाख टाकले आणि दर ७.१ च राहिला तर १५ वर्षांनी साधारण ४० लाख ६८ हजार होतात, २५ वर्षांनी १ कोटी ३ लाख, आणि सगळे टॅक्स फ्री. दर मात्र सरकार दर तिमाहीला ठरवतं, १९९० च्या दशकात हाच १२ टक्के होता, त्यामुळे पंचविशी-तिशीतल्यांनी सगळं यातच नका ठेवू, बाजूला इंडेक्स फंडाची (शेअर बाजाराच्या निर्देशांकाप्रमाणे चालणारा म्युच्युअल फंड) एसआयपी, म्हणजे दर महिन्याची ठरलेली गुंतवणूक, हवीच, महागाईला पुरून उरायचं तर.

मुलांच्या नावाने वेगळं खातं काढून दुप्पट भरता येईल असं वाटत असेल तर तसं नाही, तुमचं आणि १८ वर्षांखालच्या मुलाचं मिळून दीड लाखच.

आणि हो, पीपीएफ जॉइंट निघत नाही, त्यामुळे नॉमिनी लावलाय का ते आज पासबुक उघडून बघा, लग्नाआधी काढलेलं खातं असेल तर आधी बघा.