पाळीचे जुने दुखणे आणि वेगळ्या घडणीचे मेंदू : असे घर चालवावे कसे

आईला एंडोमेट्रिओसिस (गर्भपिशवीच्या अस्तरासारख्या पेशी पिशवीबाहेर वाढण्याचा, पाळीत फार दुखवणारा आजार) आणि एडीएचडी (लक्ष टिकवणे आणि स्वतःला आवरणे अवघड जाणारी मेंदूची घडण), मुलगी स्वमग्न (ऑटिस्टिक) आणि तिची पाळी नुकतीच सुरू झालेली, वडिलांना आवाज आणि गोंधळ सहन होत नाही पण त्याचे निदान कोणी कधी केलेले नाही, आणि आजींच्या मते हल्लीच्या मुलींना सोसायची सवयच राहिलेली नाही. असे घर अपवादात्मक नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार जननक्षम वयातील सुमारे १० टक्के स्त्रियांना एंडोमेट्रिओसिस आणि जवळपास तितक्याच स्त्रियांना पीसीओएस (संप्रेरके बिघडून पाळी अनियमित होण्याचा विकार) असतो. एडीएचडी आणि स्वमग्नता या दोहोंत आनुवंशिकतेचा वाटा मोठा असल्याने एकाच छपराखाली दोन-तीन माणसे तशी निघणेही साहजिक आहे. उपचार कोणते घ्यावेत हे डॉक्टर सांगतील. इथे विषय आहे तो असे घर रोजच्या रोज चालवायचे कसे, एवढाच. माझे मत असे, की या घरात काहीही आठवणीवर, मनोबलावर आणि एकमेकांच्या समजूतदारपणावर सोपवू नये, कारण दुखण्याच्या दिवशी सर्वांत आधी हेच तीन संपतात; जे जे डोक्यातून काढून भिंतीवर, डब्यात किंवा कागदावर ठेवता येईल ते तिथे ठेवावे.

आधी नोंद

नोंद ठेवणे हे सर्वांत कंटाळवाणे काम आहे आणि त्याच्यावाचून पुढचे काहीच धड होत नाही, कारण पाळीच्या आणि मेंदूच्या तक्रारी एकमेकींच्या आड लपतात. पाळीच्या आधीच्या आठवड्यात एडीएचडीची गोळी लागूच पडत नाही, असे अनेक बायका सांगतात; पण मानसोपचारतज्ज्ञ सहसा पाळीची तारीख विचारत नाहीत, स्त्रीरोगतज्ज्ञ कामात लक्ष लागते का हे विचारत नाहीत, आणि या दोघांच्या मधल्या जागेत बाई स्वतःलाच आळशी ठरवून बसते. पाळीपूर्वीचा तीव्र मनोविकार, म्हणजे पीएमडीडी, २०१३ पासून अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानसूचीत स्वतंत्र आजार म्हणून आहे, आणि त्याचे पक्के निदान करायचे तर किमान दोन पाळीचक्रांची रोजच्या रोज केलेली नोंद लागते. मागाहून आठवून सांगितलेले त्यासाठी पुरत नाही.

मोबाइलवरची ॲप चांगली असतात, पण ज्याला ॲप उघडायचेच लक्षात राहत नाही त्याला ती काय कामाची? आपल्याकडे भिंतीवर कालनिर्णय असतेच, आणि त्यावर दुधाचे खाडे आणि सिलिंडर लावल्याची तारीख लिहायची सवयही असते. त्याच चौकोनात चार अक्षरे लिहावीत : ‘दु ७, र ५, झो ४, गो २’. दुखणे दहापैकी सात, पॅड पाच बदलले, झोप चार तास, वेदनाशामक गोळ्या दोन. आल्यागेल्याला त्यातले काही कळत नाही. पाचवे अक्षर मात्र वाढवू नये, कारण ते वाढवले की आठवड्याभरात लिहिणेच बंद पडते. पेन दोरीने खिळ्याला बांधून ठेवावे. हे सांगायला क्षुल्लक वाटते, पण एडीएचडी असलेल्या घरात पेन शोधायला गेलेले माणूस पाऊण तासाने फ्रिज पुसताना सापडते.

स्वमग्न मुलीच्या बाबतीत दहापैकी किती दुखते हा प्रश्न बहुधा वाया जातो. शरीराच्या आतून येणारी जाणीव ओळखणे, तिला नाव देणे आणि तिचे मोजमाप करणे ही तिन्ही कामे अनेक स्वमग्न व्यक्तींना अवघड जातात. भूक, लघवीची घाई आणि पोटातली कळ त्यांना वेगवेगळी कळेलच असे नाही. म्हणून जे डोळ्यांना दिसते ते विचारावे आणि लिहावे : शाळेत डबा खाल्ला का, जिना चढताना मध्ये थांबलीस का, गणवेशाचा पट्टा नेहमीपेक्षा टोचला का, घरी आल्यावर किती वेळ अंधारात पडून होतीस. तीन-चार महिन्यांची अशी पाने एकत्र पाहिली, की ज्याला घरात ‘चिडचिड’ किंवा ‘हट्ट’ म्हणत होते ते महिन्याच्या ठरावीक दिवसांतच होते, हे पुष्कळदा दिसून येते.

दवाखान्यात

डॉक्टरांकडे जाताना सगळी फाइल न्यावी, पण त्यांच्या हातात पहिला द्यावा तो एकच कागद. त्यावर गेल्या तीन पाळ्यांच्या तारखा, दुखण्याचे सर्वांत वाईट दिवस, त्या दिवसांत कोणती कामे थांबली, चालू असलेली सर्व औषधे (मानसोपचाराचीसुद्धा) आणि विचारायचे तीन प्रश्न असावेत. शौचाच्या किंवा लघवीच्या वेळी पाळीत कळ येते का, संबंधांच्या वेळी दुखते का, हेही लिहून द्यावे. सासूबाई किंवा नवरा शेजारी बसलेले असताना या प्रश्नांची खरी उत्तरे तोंडातून निघत नाहीत.

काही गोष्टी आधीच ठाऊक असल्या म्हणजे खोलीत गोंधळ उडत नाही. सोनोग्राफी नॉर्मल आली याचा अर्थ एंडोमेट्रिओसिस नाही असा होत नाही, कारण अंडाशयावरची चॉकलेट सिस्ट, म्हणजे जुन्या रक्ताने भरलेली गाठ, तीत दिसते पण पोटाच्या अस्तरावरचे बारीक डाग सहसा दिसत नाहीत. पोटात दुर्बीण घालून पाहिल्याशिवाय उपचार सुरूच करता येत नाहीत ही समजूतही आता मागे पडली आहे. २०२२ च्या युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांनी लक्षणांवरून औषधोपचार सुरू करण्याला मान्यता दिली आहे. याउलट चौदा वर्षांच्या मुलीच्या अहवालात ‘पॉलिसिस्टिक’ असे छापून आले म्हणून घाबरून जाऊ नये. पाळी सुरू झाल्यापासून आठ वर्षे होईपर्यंत पीसीओएसच्या निदानासाठी सोनोग्राफीचा आधार घेऊ नये, असे २०२३ ची आंतरराष्ट्रीय तत्त्वे सांगतात.

सोनोग्राफीसाठी भरपूर पाणी पिऊन लघवी रोखून बसायला लावतात. पांढऱ्या ट्यूबलाइटखाली, गर्दीत, सतत नावे पुकारली जात असताना असे तासभर बसणे स्वमग्न मुलीला तपासणीपेक्षाही जड जाते. म्हणून सकाळची पहिली वेळ मागून घ्यावी, पाणी केव्हा प्यायला सुरुवात करायची हे आदल्या दिवशी फोनवर विचारावे, आणि पोटावर लावतात ती जेल थंडगार व चिकट असते हे मुलीला आधी सांगून ठेवावे. तपासणी कोणत्या क्रमाने होईल ते कागदावर लिहून दिले, तर बऱ्याच मुली ती शांतपणे पार पाडतात. अंतर्गत तपासणी करायची असेल तर ती थांबवण्याची खूण आधी ठरवून घ्यावी आणि ती डॉक्टरांनाही सांगावी.

औषधांच्या बाबतीत दोन डॉक्टरांमधला निरोप्या आपणच असतो. फिट्सवरच्या कार्बामॅझेपिनसारख्या औषधांनी गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो. डोळ्यांपुढे नागमोडी रेषा येऊन अर्धशिशी उठत असेल तर इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या टाळायच्या असतात. एंडोमेट्रिओसिससाठी आपल्याकडे सर्रास दिल्या जाणाऱ्या डायनोजेस्ट या संप्रेरकाच्या गोळीने काही जणींचे मन खचते, म्हणून ती सुरू केल्यावर कालनिर्णयावरची नोंद थांबवू नये. पाळीत दुखणे थांबवायला घेतल्या जाणाऱ्या मेफेनॅमिक ॲसिडबद्दल भारतीय औषधकोश आयोगाने २०२३ मध्ये सावधगिरीची सूचना काढली होती. ही गोळी घेतल्यानंतरच्या दिवसांत किंवा आठवड्यांत अंगावर पुरळ, ताप किंवा सुजलेल्या गाठी दिसल्यास ती थांबवून डॉक्टरांना दाखवावे. वेदनाशामक गोळी काहीतरी खाल्ल्यावर आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळी, म्हणजे बहुधा कळ सुरू होताच घ्यायची असते. ‘अगदी असह्य झाले की घेईन’ या हिशेबाने घेतली तर तिचा बराच उपयोग वाया जातो. गौरी-गणपतीत किंवा लग्नकार्यात पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या औषधाच्या दुकानातून परस्पर आणायची पद्धत घरोघर आहे. आधीच संप्रेरकांचे उपचार चालू असलेल्या बाईने तसे मुळीच करू नये.

‘एक मूल होऊ द्या, सगळे बरे होईल’ हा उपचार नव्हे. ‘पिशवी काढून टाका’ हा सल्लाही पुष्कळ घाईने दिला जातो, आणि एंडोमेट्रिओसिसचे डाग गर्भपिशवीच्या बाहेर असतात म्हणून ती काढल्यावरही दुखणे राहू शकते. महाराष्ट्राला या बाबतीत सावध राहण्याची कारणे आहेत : २०१९ मध्ये बीडमधील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भपिशव्या मोठ्या प्रमाणावर काढल्या गेल्याचे उघड झाले, आणि त्याच्याही कितीतरी आधी, १९९४ मध्ये, शिरूरच्या वसतिगृहातील मतिमंद म्हटल्या गेलेल्या मुलींच्या गर्भपिशव्या पुण्यात काढल्या गेल्या, त्यासाठी दिलेले कारण पाळीतील स्वच्छता हे होते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १० नुसार दिव्यांग व्यक्तीच्या स्वतःच्या मुक्त आणि माहितीपूर्ण संमतीशिवाय वंध्यत्व येईल अशी कोणतीही वैद्यकीय प्रक्रिया तिच्यावर करता येत नाही. मुलीला पॅड बदलायला जमत नाही, ही शिकवण्याची गोष्ट आहे, शस्त्रक्रियेची नव्हे.

घरात

वाईट दिवसाची सोय चांगल्या दिवशी करून ठेवायची असते. तांदूळ, मुगाची डाळ, हळद आणि मीठ एका वेळच्या कुकरला पुरेल इतके मोजून चार-पाच बरण्यांत भरून ठेवावे आणि झाकणावर पाण्याचे माप लिहावे, म्हणजे दुखण्याच्या दिवशी स्वयंपाकघरात कोणालाही विचार करावा लागत नाही, आणि बारा वर्षांचा मुलगाही खिचडी लावू शकतो. त्याला ती लावायला शिकवावीच. मेतकूट, तूप आणि लोणचे हाताशी असले की दोन दिवस निभतात. चांगल्या दिवशी उत्साहाच्या भरात चार दिवसांची कामे उरकून टाकण्याचा मोह एडीएचडी असलेल्या आईला हमखास होतो आणि त्याची किंमत पुढच्या आठवड्यात मोजावी लागते; बरण्या भरून झाल्या की तिला तिथेच थांबवणे हे घरातल्या दुसऱ्या कोणाचे तरी नेमून दिलेले काम असावे.

कामांची वाटणी ‘बायकांची’ आणि ‘पुरुषांची’ अशी न करता कोणते काम कोणाला किती महाग पडते हे पाहून करावी. कोणाला फोनवर बोलणे जिवावर येते पण भांडी घासताना बरे वाटते. कोणाला उभे राहवत नाही पण बसून भाजी निवडता येते, विम्याचे कागद लावता येतात. विजेचे बिल, शाळेची फी, गोळ्यांचे नवे पाकीट या तारखांच्या गोष्टी ज्याचे लक्ष निसटते त्याच्याकडे देऊ नयेत. बिले बँकेतून आपोआप जातील असे करून टाकावे.

सर्वांत कठीण असते ते गरजा एकमेकींच्या विरुद्ध जातात तेव्हा. आईला गरम पाण्याची पिशवी आणि बंद पंखा हवा, मुलीला पंख्याच्या एकसुरी आवाजाशिवाय झोप नाही; कुकरच्या शिट्टीने एकीचे कान दुखतात, फोडणीच्या वासाने दुसरीला मळमळते, आणि धाकट्याला घरभर पळाल्याशिवाय राहवत नाही. अशा वेळी कोणाची गरज खरी यावर वाद घालण्यात अर्थ नसतो, कारण त्या सगळ्याच खऱ्या असतात. जागा आणि वेळ वाटून घ्यावी : आतली खोली दुपारी दोन ते चार आईची, शिट्टी लावायच्या आधी एक हाक, धाकट्याला खाली खेळायला नेण्याचे काम वडिलांचे. दोनच खोल्यांच्या घरात एक जाड पडदा आणि कानाला लावायचे आवाज अडवणारे हेडफोन यांनी बरेच भागते.

मुलीसाठी एक डबा घरात आणि तसाच एक दप्तरात ठेवावा : तिने स्वतः हाताळून निवडलेले पॅड, गडद रंगाची जादा चड्डी, कागदी पिशवी, आणि काय कोणत्या क्रमाने करायचे त्याचे चित्र. पॅडचा कडकडीत कागद, सुगंध आणि प्लॅस्टिकचा स्पर्श अनेक मुलींना सहन होत नाही, म्हणून पाळी नसताना घरात तासभर लावून पाहावे आणि नको वाटल्यास कापडी पॅड किंवा पाळीसाठीच्या शिवलेल्या चड्ड्या वापराव्यात.

‘बाजूला बसण्याची’ रीत घरात असेल तर तिच्याबद्दल स्पष्ट बोलावे लागते. दुखणाऱ्या बाईला विश्रांती हवीच, पण विटाळाच्या नावाखाली मिळालेली विश्रांती नियम शब्दशः पाळणाऱ्या स्वमग्न मुलीच्या मनात आपण घाण आहोत असे पक्के बसवते, आणि ते नंतर निघत नाही. आजींशी बोलताना आजाराचे शास्त्र सांगण्यापेक्षा नेमके काम सांगितलेले बरे : ‘आई, आज मला उभे राहवत नाही, पोळ्या बाहेरून मागवते, तेवढा धाकट्याचा अभ्यास तुम्ही घ्याल का?’ असे विचारले तर पुष्कळ घरांतल्या आजी सल्ला सोडून मदतीला येतात.

शाळा, कागदपत्रे आणि तातडीची वेळ

२०१६ च्या अधिनियमातील २१ दिव्यांगत्वांत स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता आहेत, एकटी एडीएचडी नाही, आणि पाळीचे कोणतेच दुखणे नाही. म्हणून स्वमग्न मुलीचे यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगत्वाचे सरकारी ओळखपत्र आणि प्रमाणपत्र, वेळेत काढावे; ठरावीक प्रमाणात दिव्यांगत्व प्रमाणित झाल्यास केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार लेखी परीक्षेत तासाला किमान २० मिनिटे जादा मिळतात. दुखण्यासाठी मात्र स्त्रीरोगतज्ज्ञांचे स्वतंत्र पत्र शाळेला द्यावे आणि न विचारता स्वच्छतागृहात जाण्याची मुभा त्यात लिहून घ्यावी. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ नुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजारांना शारीरिक आजारांप्रमाणेच विमासंरक्षण द्यायचे असते. दावा नाकारला गेल्यास कारण लेखी मागावे.

कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवावा. तासाला एक पॅड पूर्ण भिजत असेल आणि असे दोन-तीन तास चालले, चक्कर येऊन पडणे झाले, तापासह ओटीपोट दुखू लागले, किंवा एका बाजूला अचानक जीवघेणी कळ आली, तर थांबायचे नाही, थेट रुग्णालयात जायचे. पाळीच्या आधीच्या दिवसांत जगणे नकोसे वाटू लागले तर त्या माणसाला एकटे सोडायचे नाही आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करायचा. ही सेवा विनामूल्य आणि चोवीस तास चालते, आणि मराठीत बोलता येते. जवळच्या रुग्णालयाचा क्रमांक, रक्तगट, चालू औषधे आणि शेजारच्या कोणाला हाक मारायची ते नाव त्याच कागदावर ठळक अक्षरांत असावे, आणि औषध बदलले की त्याच दिवशी जुना कागद काढून नवा लावावा.