पाणी पाहून बंदूक निवडावी : समुद्रात भाल्याने मासेमारी करण्यापूर्वी

स्पिअरगन म्हणजे रबराच्या ताणावर पाण्याखाली पोलादी भाला सोडणारी बंदूक. माझी पहिली स्पिअरगन १२० सेंटीमीटरची होती. जितकी लांब तितका तिचा मार लांब, असे विकणाऱ्याने सांगितले होते आणि ते खोटेही नव्हते. पण वेंगुर्ल्याच्या बाजूला ज्या सकाळी मी ती घेऊन पाण्यात उतरलो, त्या सकाळी तीन मीटरांपलीकडचे काही दिसत नव्हते. हात लांब केला की भाल्याचे टोकच हिरवट धुक्यात पुसट होई, आणि मासा मासा म्हणून ओळखू येईपर्यंत तो टोकाच्या अलीकडे येऊन माझ्या कोपराजवळून निघून जाई. दोन तासांत मी एकदाही चाप ओढला नाही. सांगलीला परतल्यावर ती बंदूक माळ्यावर गेली. म्हणून या लेखातला क्रम दुकानातल्या क्रमाच्या उलटा आहे : आधी पाणी, मग दम, मग मासा आणि त्यानंतर बंदूक.

घराजवळची नदी सोडून द्यावी

सांगली-साताऱ्याकडच्या माणसाच्या मनात पहिला प्रश्न येतो तो असा, की दारात कृष्णा असताना समुद्रापर्यंत जायचे कशाला? याचे पहिले उत्तर गढूळपणा हे आहे. पावसाळ्यात आणि त्यानंतर बराच काळ कृष्णेच्या पाण्यात पसरलेल्या हाताची बोटेही दिसत नाहीत, आणि जे दिसत नाही त्यावर भाला सोडणे म्हणजे शेजारी पोहणाऱ्याच्या मांडीवर तो सोडण्यासारखे आहे. दुसरे उत्तर मगरी. औदुंबर-भिलवडीपासून सांगलीपर्यंतच्या पात्रात मगरींचा वावर आहे, आणि मार्च-एप्रिलमध्ये पाणी थोडे निवळते तेव्हा त्या काठाकाठाने दिसतात. अशा पात्रात रक्ताळलेला मासा कमरेला बांधून बुडी मारणे हा धोका कोणी पत्करू नये. कोयनेच्या शिवसागराचे पाणी स्वच्छ असते, पण त्याचा मोठा भाग अभयारण्यात मोडतो. आणि गावोगावच्या तलावांतली मासेमारी बहुधा मच्छीमार संस्थांना ठेक्याने दिलेली असते.

समुद्राकडे गेल्यावरही सगळीकडे मोकळीक नाही. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ साली घोषित झाले आणि सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचे पाणी त्यात येते, तेव्हा तिथे भाला नेऊ नये. ज्या गावाच्या किनाऱ्यावर उतरायचे तिथल्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात आधी विचारावे, बंदूक मागवण्यापूर्वी आपल्या पोलीस ठाण्यातही चौकशी करावी, आणि या दोन्हींइतकेच महत्त्वाचे म्हणजे रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून मोठे जाळे ओढणाऱ्या, मंडळींशी बोलून घ्यावे. जाळे कुठे लागले आहे आणि कुठल्या खडकाजवळ पाण्याची ओढ आहे, हे त्यांच्याइतके अचूक कोणी सांगू शकत नाही.

पाणी कसे वाचावे

जून ते सप्टेंबर कोकणच्या समुद्रात या कामासाठी उतरूच नये. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. आपल्याकडे यांत्रिक नौका नसली तरी त्या लाटांत आणि नद्यांनी आणलेल्या मातीच्या पाण्यात माणसाचेही काम नाही. ऑक्टोबरात गाळ हळूहळू बसू लागतो, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत भरवशाचा असतो.

दिवस ठरवण्यासाठी भिंतीवरची दिनदर्शिका पुरते. तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणले की भरतीची साधारण वेळ निघते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे : चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. त्यात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, तेव्हा जायच्या आदल्या दिवशी भरतीचा तक्ताही पाहावा. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाणाचे पाणी तळातली वाळू ढवळून काढते आणि ओढही जोराची असते. अष्टमीनंतरच्या दोन-तीन दिवसांत भांगाचे पाणी असते. चढउतार कमी, ओढ कमी आणि गढूळपणाही कमी. यातली मेख अशी, की नवमी ते एकादशी या तिथींना भांगही असतो आणि भरती सकाळी सात-आठच्या सुमारास पूर्ण होते. भरतीबरोबर बाहेरचे निवळ पाणी किनाऱ्याकडे येते, मतलई वाऱ्यामुळे सकाळी समुद्र सपाट असतो, आणि दुपारी खारे वारे सुटायच्या आत आपण बाहेर आलेले असतो. त्यात एकादशी सर्वांत सोयीची; फक्त आमच्यासारख्यांच्या घरी तो मासा द्वादशीपर्यंत बर्फात ठेवावा लागतो.

हे सगळे जुळले तरी त्या सकाळचे पाणी मोजल्याशिवाय पुढे जाऊ नये. इटलीचे खगोलशास्त्रज्ञ अँजेलो सेक्की यांनी १८६५ साली पांढरी तबकडी दोरीने पाण्यात सोडून पारदर्शकता मोजण्याची रीत घालून दिली, आणि ती आजही वापरात आहे. आपल्याला घरातले पांढरे ताट चालते. त्याला भोक पाडून आणि खाली वजन बांधून ते बोयाखाली, म्हणजे पाण्यावर तरंगत्या खुणेखाली, दोन मीटरांवर उभे लटकवावे, दुसऱ्या दोरीवर दर मीटरला गाठ मारून तिचे एक टोक ताटाशी बांधावे, आणि दुसरे टोक हातात धरून ताटाकडे पाहत मागे सरकावे. ताट दिसेनासे झाले की गाठी मोजाव्यात. आडव्या दृष्टीचा हा आकडाच आपल्याला हवा असतो, कारण मासा बहुधा समोरून येतो. आकडा तीनच्या खाली आला तर मी भाला गाडीतून बाहेर काढत नाही.

दम आणि सोबती

विहिरीत सूर मारून तळाची माती मुठीत आणण्याची सवय लहानपणापासून असलेल्यांना वाटते की दम आपल्याकडे आहेच. तो असतोही, पण याच मंडळींना एका वाईट सवयीची खोड असते, ती म्हणजे बुडीपूर्वी भराभर खोल श्वास घेणे. त्याने रक्तातला प्राणवायू फारसा वाढत नाही, कार्बन डायऑक्साइड मात्र कमी होतो, आणि श्वास घ्यावासा वाटण्याची सूचना शरीराला त्याच्यापासूनच मिळत असते. सूचना उशिरा येते आणि तोवर प्राणवायू संपत आलेला असतो. त्यातच दहा मीटरांवर एकूण दाब किनाऱ्यावरच्या हवेच्या दाबाच्या दुप्पट असतो. वर येताना तो घटतो, तसा फुप्फुसांतल्या उरलेल्या प्राणवायूचा दाबही घटतो, आणि माणूस पृष्ठभागाच्या अगदी जवळ, कधी कधी डोके बाहेर काढल्यावरसुद्धा, काही न कळता बेशुद्ध होतो.

यावर उपाय साधा आहे, पण तो दर बुडीला करावा लागतो. संथ श्वास घ्यावा. जितका वेळ खाली राहिलो त्याच्या निदान दुप्पट वेळ वर विश्रांती घ्यावी. दोघांपैकी एकच खाली जाईल आणि दुसरा वरून पाहील. खालचा वर आल्यावरही अर्धा मिनिट त्याच्या चेहऱ्यावरून नजर काढू नये. जोडीदार नसेल त्या दिवशी पाण्यात उतरू नये, विहिरीतही नाही. कान दर मीटरला नाक दाबून मोकळे करावेत आणि सर्दी असेल तर बुडी मारूच नये. शिशाच्या वजनांचा पट्टा एका झटक्यात सुटणारा असावा आणि वजन इतकेच असावे, की सहज श्वास सोडल्यावर पाणी डोळ्यांच्या पातळीला येऊन माणूस तिथे तरंगत राहील. हे सगळे आधी तासगावकडच्या एखाद्या खोल, स्वच्छ विहिरीत, वर दोर धरून दोघे उभे असताना, बंदुकीशिवाय करून पाहावे.

कोणता मासा

नवख्याने हेकरू आणि तांबोशी यांच्यापासून सुरुवात करावी. हेकरू खडकाच्या कपारीत बसतो, माणूस दिसला तरी लगेच पळत नाही, आणि कुतूहलाने पुन्हा तोंड बाहेर काढतो. तांबोशी अधिक सावध असते आणि खडकाच्या सावलीच्या बाजूने फिरते. मात्र हेकरूच्या बाबतीत मोठा दिसला म्हणून हुरळून जाऊ नये. या कुळातले बहुतेक मासे आधी मादी असतात आणि मोठे झाल्यावर नर होतात, त्यामुळे सर्वांत मोठे मासे वेचून मारले की त्या खडकावर नरच उरत नाहीत. मध्यम आकाराचे एक-दोन घेऊन थांबावे. याच कुळातला महाकाय हेकरू तर वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे.

सुरमई सर्वांनाच हवी असते. ती मोकळ्या पाण्यात वेगाने फिरते, तिचे मांस मऊ असल्यामुळे कडेला लागलेला भाला फाटून सुटतो, आणि तिच्यासाठी लांब बंदूक, लांब दोर आणि स्वच्छ पाणी हे तिन्ही एकाच दिवशी लागते. पहिल्या वर्षी तिचा विचार करू नये. अंडी धरलेली शेवंड सोडून द्यावी. पाकटाच्या शेपटीत विषारी काटा असतो, केंड खाल्ल्याने माणूस मरू शकतो, आणि पोपटमासा खडकांवरचे शेवाळ खाऊन प्रवाळाला जागा करून देतो. तिघांवरही भाला रोखू नये.

आता बंदूक

ताटाचा आकडा आणि मासा ठरला की बंदुकीची लांबी आपोआप ठरते. तीन-चार मीटर दिसणाऱ्या पाण्यात, कपारींजवळ, ७५ सेंटीमीटरची बंदूक हाताला वळते आणि पुरते. पाच ते सात मीटर दिसत असेल तर ९० सेंटीमीटर. कोकण किनाऱ्यासाठी एकच बंदूक घ्यायची असेल तर मी हीच घेईन. ११० आणि त्यापुढच्या बंदुका स्वच्छ, खोल, मोकळ्या पाण्यासाठी असतात. हवेच्या दाबावर चालणाऱ्या बंदुका आखूड असूनही जोरदार असतात, पण त्यांच्या आतल्या सीलची निगा सांगलीत कोण राखणार, हा प्रश्न आहे. रबराची बंदूक घरच्या घरी दुरुस्त होते, म्हणून तीच बरी. ज्यांना चाप आणि नळीची भानगडच नको, त्यांनी रबराच्या फासावर हाताने सोडायचा साधा लांब भाला घ्यावा. तो माणसाला माशाच्या जवळ जायला शिकवतो.

नव्वदच्या बंदुकीला १६ मिलिमीटर जाडीचे एक रबर आणि साडेसहा ते सात मिलिमीटर जाडीचा, टोकाशी एक पडता, म्हणजे मिटून उघडणारा, काटा असलेला पोलादी भाला पुरेसा आहे. दुसरे रबर लावण्याचा मोह टाळावा. त्याने धक्का वाढतो, नेम बिघडतो आणि पातळ भाला थरथरतो. बंद तोंडाची, म्हणजे पुढे भाला भोकातून जातो अशी, बंदूक नवख्याला सोपी जाते, कारण भाला जागेवरून घसरत नाही. दुकानात घेताना तीन गोष्टी हातात धरून पाहाव्यात : चापाच्या आतली यंत्रणा पोलादी आहे की प्लास्टिकची, भाला काचेवर लोळवला तर सरळ फिरतो की उडी मारतो, आणि रबर नखाने दाबून सोडले की त्यावर बारीक भेगा दिसतात का. भेगा दिसल्या तर ते रबर घेऊ नये. माझे स्वतःचे रबर मी एकदा उन्हाळ्यात पत्र्याखालच्या खोलीत ठेवले होते. पुढच्या हंगामात ते ताणताना तुटले आणि मनगटावर उठलेला वळ दहा दिवस होता.

बंदुकीच्या बरोबरीने रंगीत बोया आणि त्यावर उभा झेंडा घ्यावा. होडीवाल्याला आपले डोके दिसत नाही, झेंडा दिसतो. बोयाची दोरी तिथल्या खोलीच्या दीडपट असावी आणि पायाला किंवा पट्ट्याला दोर कापण्यापुरती सुरी असावी, कारण खडकात जुन्या जाळ्याचे तुकडे अडकलेले असतात.

भरणे आणि सोडणे

बंदूक पाण्यातच भरावी आणि पाण्यातच रिकामी करावी. होडीवर किंवा वाळूवर भरलेली बंदूक असताच कामा नये. सुरक्षेच्या खटक्यावर विसंबू नये. टोक कधीही सोबत्याच्या दिशेने फिरवू नये आणि तो दिसत नसेल तर चाप ओढू नये.

सपाट काचेच्या मास्कमधून पाहताना मासा आहे त्यापेक्षा सुमारे एक तृतीयांश मोठा आणि एक चतुर्थांश जवळ दिसतो. तीन मीटरांवर दिसणारा मासा प्रत्यक्षात चार मीटरांवर असतो, आणि नवख्याचा भाला माशाच्या अलीकडेच दोर संपून थांबतो तो यामुळेच. नव्वदच्या बंदुकीने टोकापासून दोन-अडीच मीटरांच्या आतच सोडावे. मासा सरळ तोंडाने येत असताना थांबावे. तो वळून कूस दाखवतो तेव्हा डोळ्याच्या मागे, कल्ल्याच्या वरच्या अंगाला नेम धरावा. मासा खडकाला चिकटून असेल तर सोडूनच द्यावा, कारण भाला आरपार जाऊन दगडावर वाकतो. लागलेल्या माशाला पाण्यातच डोक्यात सुरी घालून लगेच मारावे, म्हणजे त्याचे हाल होत नाहीत आणि धडपडीत मांसही खराब होत नाही.

पहिल्या सकाळी मात्र बंदूक न भरताच चार बुड्या माराव्यात, रिकाम्या भाल्याने माशावर नेम धरावा आणि तो किती जवळ येऊ देतो ते पाहावे.

परतताना

किनाऱ्यावर आल्याबरोबर कल्ले कापून रक्त जाऊ द्यावे, पोट साफ करावे आणि बर्फात थोडे समुद्राचे पाणी घालून मासा त्यात बुडवून ठेवावा. नुसत्या बर्फाच्या खड्यांपेक्षा हे गार पाणी माशाला सगळीकडून लागते. सांगलीपर्यंत घाट चढून पाच-सहा तास लागतात, तेव्हा वाटेत एकदा बर्फ बदलावा. घरी आल्यावर आधी मासा फ्रीजमध्ये, आणि त्याच संध्याकाळी बंदूक गोड्या पाण्याच्या बादलीत. चाप पाण्यात बुडवून दहा-वीस वेळा दाबावा, म्हणजे आतले मीठ निघते. रबरे काढून पुसावीत आणि सावलीत, सैल टांगावीत.