अनेक पावसाळे उभ्या असलेल्या छोट्या विमानाचे इंजिन पुन्हा सुरू करताना

हँगरमध्ये दोन-तीन पावसाळे नुसते उभे राहिलेले विमान पुन्हा उडवायचे ठरले, की मालकाला बॅटरी जोडून एकदा इंजिन सुरू करून पाहण्याचा मोह होतो. तो कटाक्षाने आवरावा. गंज धरलेले, कोरडे पडलेले इंजिन थेट सुरू केल्यास वर्षानुवर्षे उभे राहून झाले नसेल एवढे नुकसान पहिल्या अर्ध्या मिनिटात होऊ शकते. पुढील विवेचन सेसना 172 किंवा पायपर चेरोकीसारख्या विमानांत असणारी लायकॉमिंग ओ-320 व ओ-360 ही इंजिने डोळ्यांसमोर ठेवून केले आहे. प्रत्यक्ष काम डीजीसीएचा (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा) परवाना असलेल्या एएमईच्या (विमान देखभाल अभियंत्याच्या) देखरेखीखाली, उत्पादकाचे मॅन्युअल समोर ठेवून आणि लॉगबुकात नोंद करूनच करावे.

या इंजिनांत कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) क्रँकशाफ्टच्या (प्रोपेलर फिरवणाऱ्या मुख्य दांड्याच्या) वर असतो, त्यामुळे इंजिन बंद राहिले की त्याच्यावरचे ऑइल हळूहळू खाली उतरते आणि कॅमचे लोब (फुगवटे) व त्यांच्यावर टेकून व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या टॅपेटचे तोंड उघडे पडते. पुण्यात जून ते सप्टेंबर हवा दमट असते. ती ब्रीदरमधून (इंजिनाला बाहेरच्या हवेशी जोडणाऱ्या नळीतून) आत शिरते आणि रात्री धातू थंड झाला की तिच्यातील बाष्प याच उघड्या पृष्ठभागांवर धरते. बारामतीचा भाग कमी पावसाचा असल्यामुळे तिथे उभे असलेले विमान सुरक्षित राहते, असे गृहीत धरू नये. अधूनमधून हाताने प्रोपेलर फिरवून ठेवण्याची सवयही उपयोगाची नाही. तसे केल्याने ऑइलचा उरलासुरला थर पुसला जातो, आणि मॅग्नेटोची (स्पार्क प्लगला ठिणगी पुरवणाऱ्या यंत्राची) ग्राउंडिंगची तार तुटलेली असेल तर स्विच बंद असतानाही इंजिन अचानक सुरू होऊन माणसाला इजा होऊ शकते.

म्हणून सुरुवात पाहणीने करावी. प्रत्येक सिलिंडरचा वरचा स्पार्क प्लग काढून बोअरस्कोप (आतले दाखवणारी बारीक दुर्बीण) आत घालावा आणि सिलिंडरची भिंत, व्हॉल्व्हचे तोंड व त्याची बैठक नीट पाहावी. भिंतीवरचा हलका तपकिरी थर अनेकदा इंजिन चालल्यावर निघून जातो, मात्र बोटाला किंवा नखाला जाणवतील असे खड्डे दिसले तर सिलिंडर काढण्याचीच तयारी ठेवावी. बोअरस्कोपने कॅम दिसत नाही, ही या कामातील सर्वांत महत्त्वाची अडचण आहे. इंजिन अनेक वर्षे उभे असेल, तर एक-दोन सिलिंडर उतरवून कॅम व टॅपेट प्रत्यक्ष पाहावेत, असे माझे ठाम मत आहे. खर्च वाढतो, हे खरे. परंतु गंजलेला लोब टॅपेट खातो आणि त्याचा कीस ऑइलबरोबर बेअरिंगपर्यंत पोहोचतो, तेव्हाचा खर्च याच्या कितीतरी पट असतो.

त्यानंतर बाहेरचा भाग पाहावा. साळुंकी व चिमण्या काऊलिंगमध्ये (इंजिनावरच्या पत्र्याच्या आवरणात) घरटी करतात, कुंभारमाशी इंधनटाकीच्या व्हेंटमध्ये मातीचे घर बांधते आणि उंदीर तारांचे आवरण कुरतडतात. टाकीतील जुने पेट्रोल पूर्ण काढून टाकावे. विमानाचे 100 एलएल पेट्रोल निळे असते. रंग उडालेला किंवा वास बदललेला असेल, तर कार्ब्युरेटरच्या बाउलमध्येही चिकट साका बसला असण्याची शक्यता धरावी. बाउल, गॅस्कोलेटर (इंधनातील पाणी व गाळ अडवणारे भांडे) व जाळ्या साफ कराव्यात आणि कडक झालेल्या रबरी नळ्या बदलाव्यात. मॅग्नेटो उघडून पॉइंट, कॉइल व ओलावा तपासणे इष्ट आहे.

कॉम्प्रेशन तपासताना 80 पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) दाबाची हवा सोडून सिलिंडर किती दाब धरून ठेवतो ते पाहतात. त्या वेळी प्रोपेलर एका माणसाने घट्ट धरून ठेवावा, कारण हवेच्या दाबाने तो अचानक फिरू शकतो. एक्झॉस्टमधून फुसफुस ऐकू आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्ब्युरेटरमधून आली तर इनटेक व्हॉल्व्ह आणि ब्रीदर किंवा ऑइल भरण्याच्या नळीतून आली तर रिंगा संशयित ठरतात. थंड इंजिनावरचा आकडा तात्पुरता मानावा.

आता ऑइलकडे वळू. जुने ऑइल काढून फिल्टर कापून उघडावा आणि त्याच्या घड्यांत धातूचा कीस आहे का ते पाहावे. खालची सक्शनची जाळीही विसरू नये. नवे ऑइल भरल्यावर प्रत्येक सिलिंडरचा एक प्लग काढलेला ठेवून, इंधन व मॅग्नेटो बंद करून, स्टार्टरने थोडा थोडा वेळ, मधे विश्रांती देत, मापकावर निदान 20 पीएसआय दाब येईपर्यंत इंजिन फिरवावे. बाहेरून दाबाने ऑइल भरण्याचे साधन उपलब्ध असेल तर तेच वापरावे, कारण मग कोरडे भाग फिरवावेच लागत नाहीत. मात्र यातील कोणत्याही पद्धतीने कॅमच्या लोबना पुरेसे ऑइल मिळत नाही. ते क्रँकशाफ्टच्या उडत्या ऑइलवर अवलंबून असतात, आणि कमी फेऱ्यांवर ते फारसे उडत नाही. सिलिंडर उतरवलेच असतील, तर त्या वेळी लोबना हाताने वंगण लावून ठेवणे हाच त्यावरचा उपाय आहे.

इंजिन सुरू करताना विमान वाऱ्याकडे तोंड करून बांधावे, चाकांना अडसर लावावेत आणि अग्निशामक हाताशी ठेवावा. इंजिन सुरू होताच मिनिटाला 600-700 फेऱ्यांवर घरघरत न ठेवता 1000 ते 1200 वर आणावे, आणि 30 सेकंदांत ऑइलचा दाब दिसला नाही तर तत्काळ बंद करावे. दाब स्थिर झाल्यावर गळती व धूर पाहून, इंजिन गरम होताच मॅग्नेटो एकेक बंद करून तपासावेत; त्या वेळी फेऱ्या 175 हून अधिक पडू नयेत आणि दोन्ही मॅग्नेटोंमधील फरक 50 च्या आत असावा. जमिनीवर वारंवार थोडा वेळ चालवून थांबवू नये, कारण तेवढ्यात ऑइल पुरेसे तापत नाही आणि त्यातील पाणी आतच राहते.

पहिले उड्डाण सकाळच्या गारव्यात, धावपट्टीच्या आसपास राहून करावे. एप्रिलच्या दुपारी 38 अंश तापमानात पुण्याच्या लोहगाव विमानतळाची घनता-उंची (हवा जितकी विरळ, त्यानुसार विमानाला जाणवणारी उंची) सुमारे 5,000 फुटांपर्यंत जाते, चढण मंदावते आणि सिलिंडर तापतात. उतरल्यावर काऊलिंग काढून गळती पाहावी, इंजिन गरम असतानाच कॉम्प्रेशन पुन्हा मोजावे आणि सुमारे 10 तासांनी ऑइल बदलून फिल्टर पुन्हा कापून पाहावा. कॅम झिजत असेल, तर त्याचा कीस सहसा तिथेच प्रथम दिसतो.