शॅकच्या भिंतीवर रास्ता रंगवायचा असेल तर

‘रास्ता’ म्हणजे जमैकात उगवलेला रास्ताफारी धर्म आणि तो पाळणारी माणसं. मालवण-तारकर्ली पट्ट्यात मी बोर्ड आणि भिंती रंगवतो. सीझन जवळ आला की शॅकवाल्यांची एकच फर्माईश असते: लाल-पिवळी-हिरवी भिंत, जटावाला बॉब मार्ले, गांजाचं पान आणि बिअरची बाटली. बरीच वर्षं मीही हेच काढत आलो. मग देवबागला उतरलेल्या एका जमैकन पाहुण्याने ओल्या रंगातल्या बाटलीकडे बोट दाखवून विचारलं, "माझ्या वडिलांनी दारूला कधी हात लावला नाही. त्यांच्या धर्माशेजारी ही कशाला?" ती बाटली मी तिथल्या तिथे पुसली. पेंटरबंधूंनो, तेव्हापासून शिकलो ते सांगतो.

पहिलं म्हणजे नाव. ‘रास’ ही इथिओपियातली सरदारकीची पदवी आणि ‘तफारी’ हे माणसाचं नाव. हा रास तफारी २ नोव्हेंबर १९३० रोजी हेले सेलासी या नावाने सम्राट झाला. ज्यांच्या पूर्वजांना आफ्रिकेतून गुलाम करून नेलं होतं, अशा जमैकातल्या गोरगरिबांना त्याच्यात देव दिसला. लिओनार्ड हॉवेल १९३३ मध्ये हे उघड सांगू लागला, तर सरकारने राजद्रोहाच्या नावाखाली त्याला तुरुंगात घातलं. त्या नावापुढे ‘बार’ लिहायला माझा ब्रश आता उचलत नाही.

समुद्राकडच्या भिंतीला खार फुटते. ती खरवडून प्रायमर मारा, सुकू द्या, मगच पट्टे आखा. इथिओपियाच्या झेंड्यात हिरवा वर, पिवळा मधे, लाल खाली. पिवळा पटकन झाकत नाही, त्याला दोन हात जास्त लागतात. सिंह काढाल तर डोक्यावर मुकुट आणि पंजात क्रूसाचा दंड हवा. तो यहुदाचा सिंह आहे, म्हणजे बायबलातल्या यहुदा कुळाचं आणि इथिओपियाच्या सम्राटाचं चिन्ह, सर्कशीतला नव्हे.

जटांचं आपल्या माणसांना चटकन समजावं, कारण आपल्याकडेही नवसाचे केस राखतात. बायबलातल्या ‘गणना’च्या सहाव्या अध्यायात व्रतस्थाने डोक्याला वस्तरा लावू नये असं सांगितलंय, बरेच रास्ता तेच पाळतात. १९६३ मध्ये जमैकातल्या कोरल गार्डन्स इथे झालेल्या हिंसक चकमकीनंतर पोलिसांनी त्यांना धरधरून मारलं, त्यांच्या जटा कापल्या. म्हणून लोकरीच्या जटा लावलेली टोपी घालून सेल्फी काढायचा कोपरा मी रंगवून देत नाही.

मेन्यूबोर्डावर कुर्ल्या-तिसऱ्यांची ‘रास्ता थाळी’ही नको. त्यांच्या ‘आयटल’ जेवणात कवचाचं काही चालत नाही, पुष्कळजण तर मासमच्छी खातच नाहीत आणि मीठही टाळतात. भाजी, कंदमुळं, नारळाचा रस हे त्यांचं जेवण. हे तर आपल्या प्रत्येक घरात आहे, तेच लिहा.

राहिलं पान. ‘गांजा’ हा शब्दच १८४५ पासून तिकडे गेलेल्या आपल्या गिरमिटिया (करारावर नेलेल्या) मजुरांबरोबर जमैकात पोचला. काही रास्ता तो प्रार्थनेत ओढतात, काही शिवतही नाहीत. भिंतीवर मात्र पोरांना फक्त मौजमजा दिसते. मालक हट्टाला पेटला तर मी त्या जागी न्याबिंगीचे, म्हणजे रास्तांच्या प्रार्थनासभेतले, तीन ढोल काढून देतो: मोठा बेस, मधला फुंडे, लहान रिपीटर. बेसच्या काठीच्या टोकाला कापडाचा गोळा काढायला विसरू नका.