पद्मिनी फटके मारू लागली, तर कार्बोरेटर खोलण्याआधी काय पाहावे

प्रीमियर पद्मिनीचे १०८९ सीसीचे इंजिन फटके मारू लागले, म्हणजे पेट्रोल अवेळी पेटून धडाके होऊ लागले, की बहुतेक मालक आधी सोलेक्स कार्बोरेटरचे (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाचे) स्क्रू फिरवू लागतात आणि मूळ दोषावर दुसरा दोष चढवून बसतात. कुर्ल्याला तयार झालेल्या या गाड्या आता थोड्याच उरल्या आहेत, म्हणून माझा आग्रह असा की फटका कोठून येतो हे कळल्याशिवाय आणि स्पार्कची बाजू तपासल्याशिवाय कार्बोरेटरला हात लावू नये.

फटका कार्बोरेटरच्या तोंडातून येत असेल, तर मिश्रणात पेट्रोल कमी पडत आहे, टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) चुकले आहे किंवा एखादा इनटेक व्हॉल्व्ह नीट बसत नाही, असे समजावे. सायलेन्सरमधून येत असेल, तर न जळलेले पेट्रोल तिथवर पोहोचून पेट घेते. त्याचे कारण बहुधा मिसिंग (एखाद्या सिलिंडरमध्ये मिश्रण न पेटणे), जादा पेट्रोल किंवा उशिरा पडणारी ठिणगी हे असते. उतारावर अॅक्सिलरेटर सोडल्यावरच फटके येत असतील, तर सायलेन्सरच्या सांध्यातून हवा आत शिरत नाही ना, तेही पाहावे. एअर फिल्टर काढून सेल्फ मारताना कार्बोरेटरवर वाकू नये आणि अग्निशामक हाताशी ठेवावा.

चारही प्लग काढून त्यांचा रंग पाहिला की निम्मे उत्तर मिळते: काळी काजळी म्हणजे जादा पेट्रोल, पांढरट टोक म्हणजे कमी, आणि फिकट तपकिरी रंग म्हणजे मिश्रण ठीक. वायरी १-३-४-२ या क्रमानेच लागल्या आहेत का, डिस्ट्रिब्युटरच्या (प्लगना पाळीपाळीने वीज पोहोचवणाऱ्या भागाच्या) कॅपला तडा आहे का, त्यातले पॉइंट (ठिणगीसाठी वीज जोडणारे-तोडणारे संपर्क) जळून खडबडीत झाले आहेत का, हे पाहून पॉइंटमधील अंतर फीलर गेजने (अंतर मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे लावावे. पॉइंटचे अंतर बदलले की टायमिंगही सरकते, त्यामुळे टायमिंग त्यानंतरच तपासावे.

एवढे करूनही फटके थांबले नाहीत, तरच कार्बोरेटरकडे वळावे. इंजिन आयडलिंगवर (अॅक्सिलरेटर न दाबता मंद वेगाने चालू) ठेवून कार्बोरेटरच्या बुडाशी, गॅस्केटच्या कडेने, थोडे पाणी शिंपडावे, मात्र वायरी आणि डिस्ट्रिब्युटर कोरडे राहिले पाहिजेत. आवाज बदलला, तर तिथून हवा खेचली जात आहे. नट अतिशय आवळल्याने बुडाची पट्टी वाकते, आणि वाकलेल्या पट्टीवर नवे गॅस्केट घातले तरी गळती राहते. ती काचेवर ठेवून सपाट आहे का, हे पाहावे. जेट (पेट्रोल जाण्याचे बारीक छिद्र असलेला भाग) कधीही तारेने टोचू नये, कारण पितळेचे छिद्र किंचित मोठे झाले तरी मिश्रण कायमचे बिघडते. कार्बोरेटर क्लीनर आणि हवेचा दाब पुरेसा असतो. इथेनॉल मिसळलेल्या आजच्या पेट्रोलने जुने रबरी पाइप आतून सुटू लागतात आणि तोच कचरा जेटमध्ये अडकतो, म्हणून पाइप इथेनॉल सोसणारे घालावेत. शिवाय इथेनॉलमुळे मिश्रण थोडे पातळ होते, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडते, हेही ध्यानात असावे. पेट्रोल वरून वाहत असेल, तर नीडल व्हॉल्व्ह (आत येणारे पेट्रोल अडवणारी सुई) झिजला आहे किंवा फ्लोटमध्ये (त्याला दाबणाऱ्या पोकळ तरंग्यात) पेट्रोल शिरले आहे. फ्लोट कानाशी हलवला की ते ऐकू येते.

मिश्रणाचा स्क्रू सर्वांत शेवटी लावावा. इंजिन पूर्ण तापल्यावर आणि चोकची झडप पूर्ण उघडी असताना तो हलकेच, आयडलिंग सर्वांत वेगवान व स्थिर होईल तिथवर फिरवावा, आणि मग वेग जास्त वाटल्यास थ्रॉटलच्या स्क्रूने कमी करावा.