"आमच्या बाजूने सगळं ओके आहे"

कंपन्यांचं इंटरनेट आणि नेटवर्क सांभाळायच्या कामावरचा माझा चौथा दिवस, गुरुवार, सकाळचे सव्वानऊ. भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर भोसरीतल्या एका कारखान्याची लिंक लाल झाली. मी नवा, अंगात उत्साह. पाच मिनिटांत टिकेट काढलं, म्हणजे तक्रार नोंदवली, लास्ट माईलवाल्या, म्हणजे ग्राहकाच्या दारापर्यंतचा शेवटचा तुकडा देणाऱ्या कंपनीला मेल ठोकली आणि वर फील्ड इंजिनिअरलाही पिटाळलं. तो गाडी मारत गेटवर पोचला तेव्हा वॉचमन म्हणाला, "आज गुरुवार ना साहेब. कंपनीला सुट्टी, लाईटपण नाही."

भोसरी-पिंपरी पट्ट्यातल्या कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते आणि महावितरणही दुरुस्तीसाठी बहुधा गुरुवारच धरतं, हे पुण्यात वाढलेल्या मला माहीत नव्हतं असं नाही. राउटरलाही लाईट लागते, एवढं मात्र डिप्लोमाच्या तीन वर्षांत डोक्यात शिरलं नव्हतं. आमच्या शिफ्टच्या मॅडमनी फील्डवाल्याचा फोन ठेवला आणि मला एवढंच विचारलं, "कस्टमरला फोन केला होतास?" केला नव्हता.

या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली. या लाईनीत येऊ पाहणारी पोरं अधूनमधून भेटतात, "नेमकं काम काय असतं हो?" असं विचारतात. त्यांच्यासाठी हे लिहितोय.

काम थोडक्यात असं. एखाद्या कंपनीची चाकणला फॅक्टरी असते, बाणेरला ऑफिस, शिवाय नाशिक, कोल्हापुरात गोडाऊन. या सगळ्यांचं इंटरनेट, शाखांना जोडणारं नेटवर्क, टेबलावरचे फोन आणि फायरवॉल हे सगळं ती दुसऱ्या कंपनीला महिन्याच्या बिलावर सांभाळायला देते. त्यालाच मॅनेज्ड सर्व्हिसेस म्हणतात. तुम्ही त्या दुसऱ्या कंपनीत असता. सुरुवातीला बहुतेकांची नेमणूक नॉकमध्ये होते, म्हणजे तीन शिफ्टमध्ये चोवीस तास जागी असणाऱ्या खोलीत. समोर अलार्म, कानाला हेडफोन, बाजूला गार झालेला चहा.

त्या खोलीत दिवसाला पन्नास वेळा ऐकू येणारं वाक्य म्हणजे "आमच्या बाजूने सगळं ओके आहे." लास्ट माईलवाला म्हणतो, फायरवॉलवाला म्हणतो, फोनची सिप ट्रंक, म्हणजे नेटवर्कवरून चालणारी फोनलाईन देणारा म्हणतो, कस्टमरचा आयटीवालाही म्हणतो. सगळ्यांच्या बाजूने ओके असतं आणि लिंक बंद असते. माझ्या मते या नोकरीत एकच गोष्ट खरी शिकायची असते: हे वाक्य आपण कधी म्हणू शकतो आणि म्हणण्याआधी हातात काय असायला हवं. बाकीचं सगळं मॅन्युअलमध्ये सापडतं.

पहिल्या महिन्यात मी टिकेटमध्ये लिहायचो, "लिंक तपासली, ओके आहे." मॅडमनी त्यावर लाल पेन मारला. पेन खराच, त्या टिकेट छापून घ्यायच्या. कुठून तपासली? किती वाजता? किती पॅकेट पाठवली, किती परत आली? पोर्टवर एरर वाढतायत का? दुसऱ्या महिन्यापासून मी लिहू लागलो, "१४:०५, पॉपपासून कस्टमरच्या राउटरपर्यंत १००० पिंग, ३८ परत आली नाहीत, पोर्टवर सीआरसी एरर दहा मिनिटांत ४१२ ने वाढल्या." (पॉप म्हणजे आमचं त्या भागातलं केंद्र, सीआरसी एरर म्हणजे वाटेत खराब झालेली पॅकेट.) असं लिहिलं की समोरच्याला "ओके आहे" म्हणायला जागाच उरत नाही. तो गपगुमान पॅच कॉर्ड बदलायला माणूस पाठवतो.

एसएलएचा, म्हणजे लिंक किती टक्के वेळ चालू राहील या ग्राहकाला दिलेल्या वचनाचा, हिशेबही पहिल्याच आठवड्यात करून टाका, नंतर दचकायला नको. तीस दिवसांच्या महिन्यात ९९.५ टक्के म्हणजे ३ तास ३६ मिनिटं लिंक बंद राहिली तरी चालते. ९९.९ टक्के झाले की तीच मुभा ४३ मिनिटांवर येते. सेल्सवाले मीटिंगमध्ये हे ".४" हसत हसत देऊन टाकतात. रात्री अडीच वाजता ते आपल्या वाट्याला येतं. खराडीहून चाकणला माणूस पोचायलाच किती वेळ लागतो, हे त्यांना कोण सांगणार?

आता फायबर. एकदा तरी रात्रीच्या कटवर स्वतः जा, कुणी सांगितलं नाही तरी जा. मी गेलो तो जुलै महिना होता. खराडीच्या बाजूला पाण्याच्या पाईपसाठी खोदताना जेसीबीने केबल उचकटली होती. केबलमध्ये प्रकाश सोडून तुटलेली जागा शोधणारं आमचं ओटीडीआर मशीन सांगत होतं की पॉपपासून ३.४ किलोमीटरवर तुटलंय. मी गाडीच्या मीटरवर ३.४ मोजून थांबलो, तर तिथे रस्ता धडधाकट. स्प्लायसिंगवाले दादा हसले. केबल टाकताना दर चेंबरमध्ये काही मीटरची गुंडाळी जादा सोडलेली असते. ओटीडीआर काचेची लांबी मोजतं, रस्त्याची नाही. कट मागे सापडला, जवळजवळ तीनशे मीटर अलीकडे.

मग त्यांनी टेम्पोच्या मागच्या बाजूला ताडपत्री ताणली, पाट टाकून बसले आणि चिखलाने भरलेले हात आधी स्पिरिटने पुसले. काचेचा एक धागा १२५ मायक्रॉनचा, डोक्याच्या केसाएवढा. त्यावरचं प्लास्टिक सोलायचं, पुसायचं, क्लीव्हरवर काटकोनात तोडायचं, मशीनमध्ये दोन टोकं समोरासमोर ठेवायची. छोट्या पडद्यावर दोन खांब जवळ येताना दिसतात, एक ठिणगी पडते आणि ते एक होतात. जोडात किती प्रकाश वाया जातोय त्याचा आकडा पडद्यावर येतो, ०.०२ डीबी. ०.१ च्या वर गेला की दादा तोडून पुन्हा करायचे, पाऊस कितीही असो. रंगांचा क्रम ते पाढ्यासारखा पुटपुटत होते: निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, करडा, पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा, गुलाबी, आकाशी. बारा झाले की दुसरी नळी, पुन्हा निळा. सकाळी पावणेसहाला शेवटचा जोड झाला. त्यानंतर "अजून किती वेळ?" असं मी फील्डवाल्यांना दर दहा मिनिटांनी विचारणं बंद केलं. अर्ध्या तासाने विचारतो.

त्याच रात्री आणखी एक धडा मिळाला, आणि तो महागाचा होता. त्या कस्टमरकडे दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या दोन लिंक होत्या, एक पडली तर दुसरी असावी म्हणून. दोन्ही ११:४० ला एकदम गेल्या. बिलं दोन होती, केबलचा चर मात्र एकच होता. दोघांनीही शेवटचा तुकडा एकाच तिसऱ्याकडून भाड्याने घेतलेला. आता दुसरी लिंक घेताना मी मार्गाची केएमझेड फाईल मागतो, गुगल अर्थवर दोन्ही मार्ग एकावर एक टाकून बघतो. फाईल द्यायला कोणी का-कू करायला लागला की काय समजायचं ते समजतो.

व्हॉइसकडे नवीन मुलं नाक मुरडतात. सायबर सिक्युरिटी म्हटलं की डोळे चमकतात, टेलिफोन म्हटलं की पडतात. मला हे पटत नाही, कारण इंटरनेट दहा मिनिटं रेंगाळलं तर लोक सहन करतात, फोनवर आवाज तुटला तर मालक स्वतः फोन करतो. हिशेब सोपा आहे. जुन्या ऑफिसांत अजून पीआरआय ही जुनी डिजिटल फोनलाईन असते, २ एमबीपीएसच्या एका जोडणीवर तीस कॉल. सिपवर एका कॉलला जी.७११ कोडेकने (आवाजाचा डेटा करायची पद्धत) आवाजाचे ६४ केबीपीएस, वर हेडरचं ओझं धरून एका दिशेला ८७ च्या आसपास. म्हणजे बँडविड्थ फार लागतच नाही. आवाज पोचायला लागणारा वेळ एका दिशेला १५० मिलिसेकंदांच्या आत हवा, आणि पॅकेटांमधलं अंतर सारखं हवं. कुणी शंभर एमबीच्या लिंकवर सिनेमा उतरवत बसला आणि व्हॉइसला प्राधान्य दिलेलं नसेल, तर शंभर एमबी असूनही आवाज रोबोटसारखा येणार.

माझी सगळ्यात लाजिरवाणी केस व्हॉइसचीच. एका ग्राहकाच्या ऑफिसात आम्ही नवीन फायरवॉल बसवली आणि दुसऱ्या दिवशी तक्रार आली: समोरच्याला आमचा आवाज जातो, आम्हाला त्याचा येत नाही. ट्रंक रजिस्टर होती, पिंग स्वच्छ, रिंग वाजत होती. मी दोन दिवस लिहीत राहिलो, "आमच्या बाजूने ओके." तिसऱ्या दिवशी मॅडम शेजारी येऊन बसल्या आणि पॅकेट उघडून दाखवणारं वायरशार्क चालू करायला लावलं. सिपचा संदेश उघडून एका ओळीवर बोट ठेवलं. ती ओळ समोरच्याला सांगत असते की आवाज या पत्त्यावर पाठव. पाकिटावरचा पत्ता बरोबर होता, आतल्या चिठ्ठीतला चुकीचा. फायरवॉलमधलं सिप एएलजी, म्हणजे फोनच्या संदेशातले पत्ते आपणहून बदलणारं फीचर, पाकीट वाटेत उघडून चिठ्ठीत त्या ऑफिसच्या दुसऱ्या इंटरनेट लिंकचा पत्ता खरडत होतं. समोरच्याचा आवाज इमानदारीत तिकडे जात होता आणि तिथे अडवला जात होता. फायरवॉल आमची, सेटिंग आमचं, चूक आमची. एएलजी बंद केलं, आवाज आला. ग्राहकाला फोन करून "चूक आमची होती" हे मॅडमनी मलाच सांगायला लावलं. त्या गृहस्थांनी फक्त "बरं" म्हटलं. ओरडले असते तर परवडलं असतं.

सिक्युरिटीबद्दल एकच प्रसंग सांगतो. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये एका कस्टमरच्या अकाउंट्समधल्या माणसाला घरून काम करायचं होतं. कुणीतरी फायरवॉलवर ३३८९ पोर्ट, म्हणजे रिमोट डेस्कटॉपचं दार, थेट इंटरनेटला उघडून दिलं. रुलचं नाव ठेवलं "टेम्प". लॉकडाऊन उठला, तो माणूस ऑफिसात यायला लागला, टेम्प तिथेच राहिला. दोनेक वर्षांनी एका शनिवारी रात्री टॅलीच्या सर्व्हरवरच्या सगळ्या फाईलींची नावं बदललेली सापडली, कुणीतरी शिरून त्यांना कुलूप लावलं होतं. बॅकअप त्याच नेटवर्कवरच्या डब्यात होता, त्यालाही कुलूप लागलेलं.

धावपळीत खरा घोळ घातला घड्याळाने. फायरवॉलची वेळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, सर्व्हरची भारतीय वेळेवर. साडेपाच तासांचा फरक लक्षात न आल्याने आम्ही पहिले दोन तास त्या दिवशी संध्याकाळी लॉगिन केलेल्या एका निष्पाप कर्मचाऱ्यावर संशय घेत बसलो. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे असा प्रकार कळल्यापासून सहा तासांत कळवावा लागतो, लॉग १८० दिवस ठेवावे लागतात आणि यंत्रांची घड्याळं एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या, वेळ देणाऱ्या एनटीपी सर्व्हरशी जुळवून ठेवावी लागतात. हे शेवटचं कलम पहिल्यांदा वाचताना मला किरकोळ वाटलं होतं. आता नवीन ग्राहक आला की मी आधी घड्याळं बघतो, मग "टेम्प" नावाचे रुल शोधतो. सापडतातच.

अभ्यासाचं विचाराल तर फार लांबण लावत नाही. सिस्को कंपनीचं नेटवर्किंगचं सर्टिफिकेट, सीसीएनए करा, परीक्षेचा क्रमांक २००-३०१, वेळ १२० मिनिटं, सर्टिफिकेट तीन वर्षं चालतं. कॉम्प्युटरवरच नेटवर्क बांधून बघायचा पॅकेट ट्रेसर फुकट मिळतो, त्यावर हात बसवा. डिग्रीनंतर सहा महिने देता येत असतील तर पुण्यात सी-डॅकचा डीआयटीआयएसएस हा आयटी इन्फ्रास्ट्रक्चर आणि सिक्युरिटीचा कोर्स आहे, सी-कॅट परीक्षा देऊन प्रवेश मिळतो. क्लासवाले "जॉब गॅरंटी" म्हणाले तर त्यांच्या बोर्डाचा फोटो काढा आणि घरी जा. तपकीर गल्लीतून एक क्रिम्पिंग टूल आणि मूठभर आरजे-४५, म्हणजे नेटवर्क केबलचे प्लग आणून घरी केबली बनवा, पहिल्या दहा फेकाव्या लागतील. सबनेटिंग, म्हणजे आयपी पत्त्यांचे गट पाडणं, कागदावर यायला हवं. आणि "साईट उघडते पण मोठी फाईल अडकते" अशी तक्रार आली तर १४७२ बाइटचं पॅकेट तुकडे न करता पिंग करून बघायचं, एवढं लक्षात ठेवलंत तरी टनेलवाल्या (शाखांना जोडणाऱ्या व्हीपीएनच्या) निम्म्या तक्रारींत उपयोगी पडेल.

रात्रपाळीला पहिलं वर्ष जाईल हे धरून चला. घरच्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर सकाळी अकराला कुकरच्या शिट्टीवरून भांडणं होतात.

हल्ली मुलाखती मीच घेतो. नेटवर्कच्या पुस्तकातले ओएसआयचे सात थर सगळेच म्हणून दाखवतात, म्हणून मी विचारतो, "घरचं इंटरनेट शेवटचं कधी बंद पडलं, आणि तुम्ही काय केलंत?" बहुतेक जण म्हणतात, कस्टमर केअरला फोन केला. मागच्या खेपेला सिंहगड रोडच्या एका मुलाने सांगितलं की डब्यावर लॉसचा, म्हणजे सिग्नल येत नसल्याचा लाल दिवा दिसला, म्हणून तो केबल धरून गच्चीवर गेला. टाकीचं काम करणाऱ्या प्लंबरने वायर दुमडून पाइपाखाली दाबली होती. त्याने आधी फोटो काढला, मग फोन लावला. मी म्हटलं, दाखव. त्याने मोबाइल पुढे केला. फोटोत टाकी होती, पाइप होता, दुमडलेली पिवळी वायर होती आणि कोपऱ्यात वेळ होती: ०७:५२. सोमवारपासून ये म्हटलं.